दरवर्षी त्याच जागी परत येणारी भिंतीची भेग: लक्षणं, तपासण्या आणि कुठे थांबायचं

पुण्यात घरदुरुस्तीची कामं करताना मी सगळ्यात जास्त वेळा एकच वाक्य ऐकलंय: "मागच्याच वर्षी भरून घेतली होती हो!" भेग भरली, पुट्टी मारली, रंग दिला आणि सहा-आठ महिन्यांत तीच रेष पुन्हा उमटली. मग गवंडी बदलतात, पुट्टीची कंपनी बदलतात, भेग मात्र तिथंच. यात खर्च होतोच, पण त्याहून वाईट म्हणजे काही घरांत या रंगरंगोटीखाली खरा धोका झाकला जातो. म्हणून माझी तपासणी ज्या क्रमानं चालते त्याच क्रमानं लिहितो. पहिल्या तीन-चार तपासण्यांना एक रुपया लागत नाही.

लक्षणं

यातलं काही तुमच्याकडे दिसतंय का, ते आधी बघा.

– सगळ्यात वरच्या मजल्यावर, भिंत आणि स्लॅब जिथे भेटतात तिथे आडवी भेग. दिवाळीत भरलेली, मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा दिसणारी.
– गच्चीच्या पॅरापेटला, म्हणजे कठड्याला, किंवा लांब कंपाउंड वॉलला काही काही फुटांवर उभ्या चिरा.
– खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग, विटांच्या सांध्यांतून पायरी-पायरीनं चढत गेलेली.
– कॉलम किंवा बीम आणि वीटकाम यांच्या सांध्यावर पट्टीनं आखावी तशी सरळ रेष.
– एखादं दार ठरावीक ऋतूतच घासणं.
– तळमजल्याची फरशी मध्येच फुगणं, किंवा जोत्यालगतचे पेव्हर भिंतीपासून सुटणं.
– बीमच्या किंवा स्लॅबच्या खालच्या अंगाला सळईच्या रेषेत भेग, सोबत तांबूस डाग, ठोकल्यावर पोकळ आवाज.

शेवटचं लक्षण असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी "थांबा" हा भाग वाचा.

ती परत का येते

भेग परत येते कारण तिच्या दोन्ही बाजू अजून हलताहेत. हे हलणं डोळ्याला दिसत नाही, पण पुट्टीला ते सोसत नाही. समजा भेग अर्धा मिलिमीटर रुंद आहे आणि ऋतूप्रमाणे ती आणखी अर्धा मिलिमीटर उघडते. आत भरलेल्या मालाला स्वतःच्या दुप्पट ताणलं जायचंय. सिमेंट, पुट्टी, प्लास्टर ऑफ पॅरिस यातलं काहीही असं ताणलं जात नाही. त्यामुळे कुठल्या कंपनीचा माल हा प्रश्न नंतरचा. आधी भिंतीला हलवतंय कोण ते शोधायचं.

हलवणारे मुख्यतः तीन: ऊन, माती आणि वजन. तिघांचंही वेळापत्रक वेगळं. उन्हानं हलणारी भेग दिवसभरात बदलते, सकाळी एक आणि संध्याकाळी एक. मातीनं हलणारी ऋतूबरोबर बदलते, मे महिन्यात एक आणि सप्टेंबरात एक. वजनानं किंवा पाया खचल्यानं पडलेली एकाच दिशेनं वाढत जाते, कमी कधीच होत नाही. हे वेळापत्रक ओळखलं की अर्धं काम झालं.

पहिली तपासणी: पेन्सिल, तारीख आणि झेरॉक्सचा कागद

भेगेची दोन टोकं जिथे संपतात तिथे पेन्सिलनं आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. भेग लांबली तर रेघेच्या पुढे जाईल, वाद उरणार नाही.

मग रुंदी. साध्या झेरॉक्सचा एक कागद साधारण ०.१ मिमी जाडीचा असतो. त्याच्या पट्ट्या कापा आणि किती पट्ट्या एकत्र करून भेगेत सरकतात ते बघा. तीन पट्ट्या गेल्या म्हणजे साधारण ०.३ मिमी. एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं. ते आरामात जात असेल तर भेग केसाएवढी राहिलेली नाही. मोजायची जागा प्रत्येक वेळी तीच हवी, म्हणून तिथे भिंतीवर फुली करून ठेवा.

आता हेच माप एकाच दिवशी दोनदा घ्या, पहाटे सहाच्या सुमारास आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास. दुपारी बाराला घेऊ नका. ऊन स्लॅबच्या वरून खाली झिरपायला काही तास जातात. वरचा कोबा, म्हणजे गच्चीवरचा काँक्रीटचा थर, दोन-तीनला तापलेला असतो, खालचं छत संध्याकाळी. असं लागोपाठ चार दिवस करा आणि वहीत लिहा. मग तेच माप महिन्यातून एकदा, निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा.

लोक इथेच कंटाळतात, आणि मी इथेच हट्ट धरतो. सिंहगड रोडच्या एका सोसायटीत, चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी मला भेग दाखवली ती जानेवारीत. मी म्हटलं, आज भरत नाही, पंधरा दिवस मापं घ्या. त्यांनी दळणाच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर रकाने आखले. पहाटे चार पट्ट्या, संध्याकाळी दोन. पहाटे चार, संध्याकाळी दोन. एक दिवस ढगाळ होता, त्या दिवशी दोन्ही वेळा तीन. मला वर गच्चीवर जायचीही गरज उरली नाही.

पहाटे उघडते की संध्याकाळी, याला फार महत्त्व देऊ नका. स्लॅबचा वरचा भाग तापला की तो मध्ये घुमटासारखा किंचित वर येतो, रात्री उलटा बसतो. त्यामुळे आतल्या भिंतीवरची भेग संध्याकाळी उघडू शकते आणि कोपऱ्यातली पहाटे. रोज फरक पडतो आहे, एवढं कळलं की पुरे.

दुसरी तपासणी: भेगेचा आकार आणि आवाज

हातोडीच्या दांड्यानं भेगेच्या दोन्ही बाजूंना हलकं ठोका. फक्त प्लास्टर सुटलं असेल तर भद्द आवाज येतो. नक्षीसारख्या, जाळीदार, उथळ चिरा बहुतेक वेळा गिलाव्याच्याच असतात: सिमेंट जास्त झालं, पाणी नीट मारलं नाही, प्लास्टर लवकर वाळलं. तो गिलावा काढून नवा करा, पुढच्या तपासण्यांची गरज नाही.

भेग वर रुंद आहे की खाली, तेही बघा. घराच्या कडा खाली बसल्या की भेग वरच्या टोकाला रुंद असते. घराचा मधला भाग बसला की ती खालच्या टोकाला रुंद असते. दोन्ही हातांत पेन्सिलचं एक-एक टोक धरून ती वाकवून बघा, ताण कुठल्या अंगाला येतो ते हाताला कळतं.

शंका राहिली तर भेगेवरचं वीतभर चौकोनी प्लास्टर छिन्नीनं काढा आणि भेग विटेत गेली आहे का ते पाहा. सांध्यातूनच जात असेल तर एक वेळ चालेल. वीटच तुटली असेल तर तिच्यावर बराच जोर आला आहे असं समजा.

कोथरूडच्या एका जुन्या बंगल्यातले आजोबा त्यांच्या जिन्याजवळच्या भेगेला "कोयनेची भेग" म्हणायचे. डिसेंबर १९६७ च्या भूकंपात ती पडली, हे अगदी खरं असेल. पण भूकंपाचा धक्का एकदाच येतो. त्याची भेग पुढे उघडझाप करत नाही. त्यांची करत होती. जिन्यामागे मोरीचा पाइप फुटलेला निघाला.

तिसरी तपासणी: दार

दार हे घरातलं फुकटचं मापयंत्र. फक्त एक काळजी घ्या: लाकूड स्वतःच पावसाळ्यात फुगतं. तेव्हा दार घासतंय एवढ्यावरून पाया हलला असं समजू नका. दार लावून चौकटीभोवतीची फट बघा. सगळीकडून सारखीच कमी झाली असेल तर लाकूड फुगलंय. एका कोपऱ्यात फट शून्य आणि समोरच्या कोपऱ्यात बोट जाईल एवढी, म्हणजे पाचरीसारखी असेल, तर चौकटच तिरकी झाली आहे. चौकट तिरकी म्हणजे भिंत तिरकी.

चौथी तपासणी: पाणी

जमिनीशी संबंधित बहुतेक भेगांच्या मागे मला पाणी सापडलंय, म्हणून पाण्याकडे अजिबात दुर्लक्ष करू नका. रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा, पहाटे पुन्हा बघा. खालच्या टाकीच्या पाण्याच्या पातळीवर खूण करून तेच करा. पावसाचे पाइप खाली कुठे सुटतात ते चालत जाऊन बघा. अनेक बंगल्यांत ते जोत्याच्या बुडाशीच सुटतात. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं उघडा. कपडे धुवायच्या दगडाचं पाणी, बागेचा वाफा, एसीचा पाइप, यातलं काय भेगेच्या कोपऱ्याजवळ आहे ते टिपून ठेवा.

उन्हानं हलणारी भेग

रोजचा फरक पडत असेल आणि घर वरच्या मजल्यावर असेल, तर हे तुमच्यासाठी.

काँक्रीट एका अंशाला दर मीटरमागे साधारण ०.०१ मिमी वाढतं. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या खडीचं काँक्रीट त्याहून किंचित कमी. पोलाद ०.०१२ मिमी, म्हणजे जवळजवळ तेवढंच, म्हणून तर सळई आणि काँक्रीट एकत्र नांदतात. पण भाजलेली वीट वाढते त्याच्या निम्मी, ०.००५ ते ०.००६ मिमी. शिवाय स्लॅब दिवसभर उन्हात आणि भिंत त्याच्या सावलीत. दहा मीटर लांब स्लॅबचं तापमान थंडीतली पहाट ते मे महिन्यातली दुपार एवढ्यात तीस अंशांनी बदललं, तर तो तीन मिलिमीटर लांबतो, म्हणजे प्रत्येक टोकाला दीड मिलिमीटर. खालची वीट तेवढी येत नाही. मग दोघांच्या मधला सांधा सुटतो, आणि तीच तुमची आडवी भेग. वळवाची पहिली सर तापलेल्या गच्चीवर पडते तेव्हा वरच्या मजल्यावरच्या लोकांना कधी कधी "टक्" असा आवाज येतो, तोही याच ओढाताणीचा.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मार्चच्या सुरुवातीला गच्चीला पांढरा चुना मारायचा. नुसता चुना पावसात धुऊन जातो, पण आधी खात्री करायला तो पुरतो. जमलं तर अर्ध्याच गच्चीला मारा आणि खालच्या दोन खोल्यांतल्या भेगांची मापं शेजारी-शेजारी लिहा. काकूंच्या सोसायटीत आम्ही असंच केलं. चुना मारलेल्या बाजूला सकाळ-संध्याकाळचा फरक निम्म्यावर आला आणि मग कमिटीनं पुढच्या खर्चाला हो म्हटलं. कायमसाठी पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचं मोझॅक किंवा ऊन परतवणारं चांगलं कोटिंग करा. खाली पंखासुद्धा कमी फिरवावा लागतो.

उष्णता कमी झाली तरी हलणं शून्य होत नाही. म्हणून भेग भरण्याची पद्धतही बदलावी लागते. भेगेच्या रेषेवर कटरनं दहा-बारा मिमी रुंद खाच घ्या. बुडाशी फोमची दोरी बसवा, साइटवर तिला बॅकर रॉड म्हणतात. वर पॉलियुरेथेन सीलंट भरा, रुंदीच्या निम्म्या खोलीचा. आता अर्ध्या मिलिमीटरची तीच हालचाल दहा मिमी रुंदीवर वाटली गेली, म्हणजे पाचच टक्के ताण. चांगलं सीलंट पंचवीस टक्केही सोसतं. दोरी यासाठी की सीलंट फक्त दोन्ही कडांना चिकटावं. तळालाही चिकटलं तर ते मोकळं ताणलं जात नाही, मधून फाटतं. सिलिकॉन घेऊ नका, त्यावर रंग धरत नाही. छताच्या कोपऱ्यात ही खाच दिसायला नको असेल तर वरून कॉर्निसची पट्टी लावा, पण ती एकाच बाजूला चिकटवा, फक्त छताला किंवा फक्त भिंतीला.

हे काम मे महिन्यातल्या दुपारी करू नका आणि डिसेंबरच्या पहाटेही नाही. भेग तिच्या मधल्या रुंदीवर असताना भरली की दोन्ही बाजूंना तिला सारखी जागा मिळते. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, किंवा फेब्रुवारी, सकाळी दहा-अकराची वेळ मला चांगली वाटते.

हलत्या भेगेत एपॉक्सी इंजेक्शन, म्हणजे दाबानं आत भरून कडक होणारा चिकट माल, मात्र कुणी कितीही गळ घातली तरी करून घेऊ नका. एपॉक्सी भिंतीपेक्षा पक्कं असतं. ती जागा जुळते आणि वितीच्या अंतरावर नवी भेग पडते.

पॅरापेटच्या उभ्या चिरा याच कुळातल्या, त्या थंडीत पहाटे जास्त उघडतात. तिथेही खाच आणि सीलंट. लांब इमारतींना म्हणूनच मध्ये एक्स्पान्शन जॉइंट सोडतात. आपल्या काँक्रीटच्या मानकात, आयएस ४५६ मध्ये, ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीसाठी तो सांगितलेला आहे. तुमच्या सोसायटीत हा जॉइंट कुणी सिमेंटनं बुजवला असेल, तर भेगा का पडताहेत ते शोधायला लांब जायला नको.

कॉलम आणि वीटकामातली सरळ रेष बारीक असेल तर दोन्ही बाजूंना वीतभर जाईल अशी जाळी लावून गिलावा करा. एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या, भिंतींना ही रेष हमखास येते, कारण ब्लॉक वाळताना आक्रसतात. ओल्या ब्लॉकवर घाईनं प्लास्टर झालं असेल तर पहिली दोन वर्षं थांबून मगच भरा.

मातीनं हलणारी भेग

हडपसरच्या पुढे मांजरीकडे एक बैठा बंगला आहे, आधी तिथे ऊस होता. मी तिथे तीन वर्षं लागोपाठ तीच भेग भरली, हॉलच्या पूर्वेच्या खिडकीवरची तिरकी. तिसऱ्या वर्षी तिथल्या आजी म्हणाल्या, "भाऊ, तू चैत्रात येतोस नि भरतोस. आषाढ-श्रावणात येऊन बघ, तेव्हा ती नसतेच." मी ऑगस्टमध्ये गेलो. भेग खरोखरच मिटली होती, आणि मी भरलेली पुट्टी दोन्ही बाजूंनी चेपून ओठासारखी बाहेर आली होती. हंगामाप्रमाणे हलणारं घर म्हणजे काय ते मी त्या आजींकडून शिकलो.

आपल्या काळ्या दगडाची झीज होऊन जी काळी माती झाली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिचे पापुद्रे इतके पातळ असतात की पाणी त्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना दूर ढकलतं. म्हणून ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात काळ्या रानात पडलेल्या भेगांत हाताचा पंजा जातो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. घर बांधलं की घराखालची मधली माती झाकली जाते आणि तिची ओल टिकून राहते. कडेची माती मात्र उघडी असते. उन्हाळ्यात ती वाळते, कडा खाली बसतात, भिंतीत वर रुंद अशी भेग उघडते. पावसाळ्यात कडा उचलल्या जातात आणि भेग मिटते.

जोत्यालगत मोठं झाड असेल तर हे आणखी वाढतं. आजींच्या घराच्या पूर्वेला निलगिरी होती. ती उन्हाळ्यात त्याच कोपऱ्यातलं पाणी ओढायची आणि पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी नेमकं त्याच कोपऱ्यात पडायचं. म्हणजे घराचा तोच कोपरा सगळ्यात जास्त वाळायचा आणि सगळ्यात जास्त भिजायचाही.

उपाय ओल सारखी ठेवण्याचा आहे. घराभोवती निदान एक-दीड मीटर रुंद, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला पक्का पट्टा घ्या, ज्याला प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. पावसाचे पाइप त्या पट्ट्याच्या पलीकडे नेऊन सोडा. वाफे जोत्यापासून लांब हलवा. मोठं झाड एका झटक्यात तोडू नका: मुळं पाणी ओढायची थांबली की वाळलेली माती परत भिजते आणि उलट उचलते. शिवाय महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत परवानगीचे नियम आहेत, ते आधी विचारा. हे सगळं केल्यावर एक पूर्ण वर्ष जाऊ द्या आणि मग भेग भरा. आजींच्या घरी त्यानंतर ती रेष केसाएवढी येते, पुट्टी बाहेर फेकली जात नाही.

तळमजल्याची फरशी फुगते आणि भिंती मात्र ठीक, असं असेल तर बहुधा पायातून निघालेली काळी माती जोत्यातच भरली आहे. पाया मुरुमावर असतो, म्हणून भिंती हलत नाहीत. फरशी काळ्या मातीवर बसलेली असते. फरशी बदलून काही होणार नाही. ती माती काढून मुरूम भरून, थरांत पाणी मारून धुम्मस करावं, म्हणजे ठोकून दाबावं लागतं.

काळी माती आहे की नाही याची खात्री करायची असेल तर जोत्याच्या बाहेर, भिंतीपासून दोन मीटर लांब, फावड्यानं दोन-तीन फूट खणून मूठभर माती काढा. ती ओली करून बोटांत मळा. चिकट, गुळगुळीत, लांब वळी होणारी आणि वाळल्यावर दगडासारखी झाली तर प्रयोगशाळेत द्या. तिथे मोजून घेतलेली कोरडी माती दोन नळ्यांत टाकतात, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. चोवीस तासांनी दोन्हीतली उंची बघितली की फरक डोळ्यांसमोर असतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ती नळी बराच वेळ हातात धरून उभा होतो. पाण्यातली माती रॉकेलातल्या मातीच्या जवळजवळ दुप्पट झाली होती, आणि तिच्यावर आपण घरं बांधतो.

भिंतीला लागून, पायाच्या खाली जाईल असा खड्डा किंवा लांब चर स्वतः खणू नका. पायाला बाजूनं धरून ठेवणारी मातीच निघून जाते.

धायरी, आंबेगाव भागात डोंगर उतारावर प्लॉट अर्धे खोदून आणि अर्धे भरून सपाट केलेले असतात. घराचा एक भाग कातळावर किंवा मुरुमावर आणि दुसरा भरावावर असेल, तर भेग साधारण त्या सीमेवर येते आणि एकाच दिशेनं वाढते. भराव पहिल्यांदा मनसोक्त भिजला की झपकन खचतो, म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर ती रुंद होते. हे काम आता तुमचं-माझं उरलं नाही.

वजन

घरात किंवा गच्चीवर गेल्या दहा वर्षांत काय काय वाढलं, त्याची यादी करा. मी ही यादी घरच्यांकडून दोनदा करवून घेतो, कारण पहिल्यांदा लोकांना निम्मं आठवत नाही.

वापरातल्या गच्चीसाठी मानकानुसार वरचा भार साधारण १५० किलो दर चौरस मीटर धरतात, राहत्या खोलीसाठी २०० किलो. आता बघा. गच्चीवरच्या बागेत फूटभर माती टाकली आणि ती भिजली, तर दर चौरस मीटरला ५५० ते ६०० किलो होतात. हजार लिटरच्या टाकीतलं पाणीच एक टन. आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे कोब्यावर कोबा: गळती थांबेना म्हणून जुना कोबा न काढता वर चार इंचांचा नवा घातला जातो, दर वेळी दोनशेच्या आसपास किलो वाढतात. एका इमारतीत मला असे तीन थर सापडले होते.

काँक्रीटवर वजन कायम राहिलं की ते वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं. स्लॅब मध्ये दबला की त्याच्यावर उभ्या असलेल्या पार्टिशनमध्ये भेग पडते आणि खालच्या मजल्याच्या भिंतीवर नको तो भार येतो. टाकी रिकामी करणं, माती उतरवणं लगेच करता येतं, तेवढं आजच करा. मधली भिंत काढून हॉल मोठा केला असेल, स्वतः किंवा वरच्या मजल्यावरच्यांनी, तर ते लपवू नका, इंजिनिअरला पहिल्याच वाक्यात सांगा.

थांबा, इंजिनिअरला बोलवा

गवंडी, रंगारी किंवा वॉटरप्रूफिंगवाला इथे चालणार नाही. परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा.

भेग कॉलममध्ये किंवा बीममध्ये असेल, कितीही बारीक असली तरी. बाल्कनी किंवा छज्जा भिंतीला जिथे जोडतो तिथे वरच्या अंगाला भेग असेल. भिंतीतून असा पुढे आलेल्या भागाची मुख्य सळई वरच असते, आणि तिथलं मोडणं सूचना न देता होतं. सळईच्या रेषेत भेग आणि गंजाचा डाग असेल. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो, वरून प्लास्टर केलं की आत तो चालूच राहतो. भेग तीन मिलिमीटरहून रुंद असेल, म्हणजे चार एटीएम कार्डं एकत्र जात असतील. महिन्या-महिन्याला एकाच दिशेनं वाढत असेल. भेगेच्या दोन बाजू एकमेकींपासून पुढे-मागे सरकल्या असतील, बोट फिरवल्यावर पायरी लागत असेल. शेजारी मोठं खोदकाम सुरू झाल्यावर पडली असेल.

आणि कॉलम फुगून त्याचे कपचे निघत असतील, एका रात्रीत दारं अडकली असतील, किंवा भिंतीतून करकर आवाज येत असेल तर इंजिनिअरची वाट बघू नका. माणसं बाहेर काढा, खालच्या-वरच्या मजल्यांनाही सांगा, मग अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. स्वतःच्या मनानं टेकू लावू नका. चुकीच्या जागी लावलेला टेकू भार उलटाच फिरवतो.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांना, म्हणजे लाकडी सांगाडा आणि मातीच्या विटा, यातलं फारसं लागू नाही. तिथे सिमेंटचा गिलावाही करू नका, आतली ओल कोंडते. त्या कामाचे जाणकार वेगळे.

सोसायटीचं वय १५ ते ३० वर्षं असेल तर गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायचं असतं, तीस वर्षांपुढे दर तीन वर्षांनी. शेवटचं कधी झालं ते सेक्रेटरींना विचारा आणि अहवालाची प्रत मागा.

इंजिनिअर येईल तेव्हा त्याच्या हातात तीन गोष्टी द्या: मापांची वही, वाढलेल्या वजनांची यादी, आणि जोत्याजवळ पाणी कुठे कुठे पडतं त्याचा हातानं काढलेला नकाशा. काकूंची दळणाच्या हिशेबाची वही त्या इंजिनिअरनं पाच मिनिटं वाचली आणि मग थेट गच्चीचा जिना कुठे आहे तेवढंच विचारलं.